‘स्मृतिचित्रे’तील कारभारीपण : काळ, देह आणि द्रव्य यांचा हिशेब

१

लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागला आणि तेव्हापासून मराठी आत्मचरित्रांच्या विवेचनात त्याचे स्थान अढळ राहिले आहे. त्याचा प्रांजळपणा, त्याचा विनोद, बोलीशी सलगी राखणारी त्याची भाषा यांची वाखाणणी अनेकांनी केली असून ती सर्वथा योग्य आहे. परंतु या वाखाणणीचा एक अनिष्ट परिणामही झाला आहे. निवेदन सहज आहे, म्हणून निवेदिका भोळी आहे; आणि निवेदिका भोळी आहे, म्हणून ग्रंथाचा खरा नायक रेव्हरंड नारायण वामन टिळक हाच आहे, असा समज त्यातून रूढ झाला. टिळक दाते, लक्ष्मीबाई खर्चाची कुरकुर करणाऱ्या गृहिणी. टिळक परमार्थी, लक्ष्मीबाई संसारी, अशी सोयीची वाटणी मग वाचकाच्या मनात पक्की होते.

ही वाटणी ग्रंथाच्या कसोटीस उतरते काय, हे पाहण्यासाठी ज्या धर्माचा स्वीकार या दोघांनी केला त्याच धर्मातील एक कल्पना हाती घेणे उचित होईल. मनुष्याचा काळ, त्याचा देह आणि त्याचे द्रव्य ही त्याची मालमत्ता नव्हे, ती देवाने त्याच्या हाती सोपविलेली ठेव आहे आणि तिचा जाब त्याला द्यावयाचा आहे, अशी ती कल्पना होय. या कल्पनेच्या प्रकाशात ‘स्मृतिचित्रे’ वाचली असता उपरोक्त वाटणी उलटी होते. देणे हा टिळकांचा गुण खराच. पण जाब देण्यास सिद्ध असणे, जे कारभारीपणाचे मुख्य लक्षण, ते या ग्रंथात प्राधान्याने लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी आढळते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. शुभवर्तमानातील धन्याच्या घरचा व्यवस्थापक मराठी बायबलमध्ये ‘कारभारी’ या नावाने येतो. लूकच्या सोळाव्या अध्यायात धन्याने हिशेब मागताच भांबावलेला कारभारी आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात धन्याचे चांदीचे नाणे भूमीत पुरून ठेवणारा दास आहे. जॉन वेस्लीने १७६८ मध्ये ‘चांगला कारभारी’ या विषयावर जे प्रवचन केले त्यात आत्मा, देह, ऐहिक वस्तू व अंगची सामर्थ्ये या साऱ्यांचा समावेश सोपविलेल्या ठेवीत केला आहे. अमेरिकन मराठी मिशन वेस्लीच्या पंथाचे नव्हे. ते काँग्रेगेशनल परंपरेचे. तथापि एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांच्या उपदेशात ही शिकवण पंथभेदापलीकडे पसरलेली होती. १८३१ पासून नगरला स्थिरावलेल्या या मिशनच्या शाळा, वसतिगृहे आणि ‘ज्ञानोदय’ पत्र यांतून ती मराठीत रुजली.

मात्र ज्या मुलखात ती रुजली तेथे ‘कारभारी’ या शब्दाला आधीच दोन अर्थ होते. एक दरबारी : संस्थानिकाच्या किंवा सरदाराच्या वतीने राज्यव्यवहार पाहणारा. दुसरा घरगुती : नगर जिल्ह्याच्या खेड्यांतून, तशीच देशावर इतरत्रही, स्त्री आपल्या नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणते आणि तिला ‘कारभारीण’ म्हणतात. दरबारी अर्थाने कारभारी हा पराव्या धनाचा व्यवस्थापक असतो. घरगुती अर्थाने तो घराचा धनी होऊन बसतो. शुभवर्तमानाचा अर्थ पहिल्याशी जुळतो, दुसऱ्याला छेद देतो. कारण तेथील कारभारी कितीही अधिकाराने वागला तरी मालक कधीच नसतो. घरचा पुरुष ज्या नावाने धनी ठरतो, त्याच नावाने नवा धर्म त्याला सांगतो की तू धनी नव्हेस. ‘स्मृतिचित्रे’तील संसाराचा ताण या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे.

३

देहाचा प्रश्न या ग्रंथात सर्वांआधी येतो, आणि तो ख्रिस्ती धर्माच्या रूपाने नव्हे, सोवळ्याच्या रूपाने येतो. १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यात जन्मलेल्या मनकर्णिकेच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले होते. बाजारातून घरात येणारी वस्तू धुतल्याखेरीज त्यांना चालत नसे. ही हकीकत लेखिकेने हसत हसत सांगितली आहे. पण या हास्याखाली एक गंभीर निरीक्षण आहे. सोवळे हीही देहाची एक राखण आहे. देह सदैव धोक्यात आहे, दुसऱ्याच्या स्पर्शाने तो नासतो, म्हणून त्याला जपावयाचे, हे तिचे सूत्र. येथे देह जपला जातो तो कोणाच्या उपयोगी पडावा म्हणून नव्हे. जपणे हेच साध्य होऊन बसते. नाणे पुरून ठेवणारा दास असाच होता. ठेव हरवू नये एवढीच त्याची चिंता होती, आणि तीच त्याचा अपराध ठरली.

टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई दीर्घकाळ दूर राहिल्या. पुढे नगरला त्या पतीजवळ आल्या तेव्हाही आपले अन्नपाणी वेगळे राखूनच राहिल्या. ज्या घरात पती ख्रिस्ती आणि पत्नीचा स्वयंपाक सोवळ्यात, त्या घरातील वर्षे ‘स्मृतिचित्रे’त अत्यंत सूक्ष्मपणे आली आहेत. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राहुरीचे वास्तव्य याच संक्रमणाच्या काळाशी निगडित आहे. नगरच्या उत्तरेस मुळा नदीच्या परिसरातील हे तालुक्याचे गाव मिशनचे एक ठाणे होते आणि वैद्यकीय मिशनरी डॉ. बॅलंटाइन यांचे कार्यक्षेत्र होते. सोवळ्याच्या घरातून निघालेला देह येथे दवाखान्याच्या सान्निध्यात आला. एकीकडे स्पर्श टाळणे हा धर्म, दुसरीकडे रोग्याला स्पर्श केल्यावाचून ज्याचा आरंभच होत नाही असा वैद्यकाचा धर्म. ही दोन टोके लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात इतकी जवळ यापूर्वी आली नव्हती.

येथे घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंनी आधी ख्रिस्ती मत स्वीकारले आणि मग त्याचा परिणाम म्हणून स्पर्शास्पर्श सोडला, असे झालेले नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे, ही खात्री आधी झाली. जेवणाखाण्याचे बंधन आधी गळाले. बाप्तिस्मा नंतर आला. म्हणजे देहाविषयीचा निर्णय प्रथम, श्रद्धेचा उच्चार मागाहून. पौलाने करिंथकरांस देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याचे लिहिले, ते वचन पुष्कळदा केवळ विषयसंयमाच्या अंगाने वाचले जाते. ‘स्मृतिचित्रे’त त्याचे दुसरे अंग उघड होते. मंदिराला दार असते. ज्यात दुसऱ्याला प्रवेशच नाही, ते मंदिर नव्हे, तिजोरी होय. टिळकांच्या घरी पुढे पोरक्या मुलांना आसरा मिळाला, तरुण बालकवी ठोमरे राहून गेले. त्या घराचे दार उघडे राहिले याचे श्रेय टिळकांच्या औदार्याला दिले जाते. पण ज्या स्त्रीने स्वतःच्या देहाभोवतीची रेषा स्वतःच्या हाताने पुसली, तिच्यावाचून ते दार उघडून कोणाचे पोट भरले असते, हा प्रश्न राहतोच.

४

द्रव्याच्या बाबतीत रूढ समज अधिक बळकट आहे. हाती आलेला पैसा टिळकांच्या हाती टिकत नसे. मागेल त्याला, कधी न मागणाऱ्यालाही, ते देऊन टाकीत. घरात उद्याचे काय, हा प्रश्न त्यांना पडत नसे आणि तो लक्ष्मीबाईंना पडल्यावाचून राहत नसे. या विसंगतीतून ‘स्मृतिचित्रे’तील अनेक विनोदी प्रसंग जन्मले आहेत, आणि वाचक बहुधा टिळकांच्या बाजूने हसतो.

टिळकांच्या या वृत्तीचे मूळ कोठे शोधावे? ते वेस्लीच्या शिकवणीत नाही. वेस्लीच्या उपदेशात सचोटीने मिळविणे आणि काटकसरीने राखणे यांनंतर देणे येते. ही साखळी आहे, तिचा एक दुवा निखळला तर तिसऱ्याला अर्थ उरत नाही. मॅक्स वेबरने १९०४–०५ मध्ये प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची प्रेरणा यांचा जो संबंध जोडला, तो या साखळीच्या पहिल्या दोन दुव्यांवर आधारलेला आहे. टिळकांचे देणे या साखळीबाहेरचे आहे. त्याचे गोत्र देहूचे आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी टिळकांची स्वतःची भावना होती. परंपरा सांगते की तुकोबांनी वडिलार्जित सावकारीची खतपत्रे भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. ज्याने हिशेबाचा कागदच बुडविला, त्याच्या वाटेने आलेल्या कवीला हिशेबाचे वावडे असावे, यात नवल नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ही याच वृत्तीची परिणती होय. परदेशी पैशावर पोसलेली मंडळी या भूमीची होणार नाही, हा त्यामागील विचार कालांतराने पुष्कळांना पटला आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु देहूच्या कथेत आणखी एक पात्र आहे. खतपत्रे नदीत गेली तेव्हा घरी चूल पेटविण्याची चिंता जिला होती ती जिजाई, म्हणजे आवली. परंपरेने तिला कजाग ठरविले. तिची बाजू तिच्या शब्दांत कोठेही उरलेली नाही. जी ऐकू येते ती संताच्या आणि संतचरित्रकारांच्या मुखातून. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी आत्मपर अभंग रचले, पण त्या परमार्थाच्या बाजूने उभ्या राहून बोलतात, चुलीच्या बाजूने नव्हे. ‘स्मृतिचित्रे’चे मराठी वाङ्मयातील खरे नावीन्य येथे आहे. संताच्या बायकोच्या हाती लेखणी आली, आणि तिने संताची निंदा न करता, त्याच्यावरील प्रेमाला बाध न आणता, घरचा हिशेब मांडला.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळता येणार नाही. शुभवर्तमानातच एक स्त्री बहुमोल सुगंधी तेल एकदम ओतून रिकामी होते. हा अपव्यय आहे, गरिबांना देता आले असते, असे म्हणणाऱ्यांना ख्रिस्त गप्प बसवितो. योहानाच्या वृत्तांतात तर हा आक्षेप डबी सांभाळणाऱ्या यहूदाच्या तोंडी आहे. तेव्हा हिशेबी वृत्तीपेक्षा उधळून देणारी भक्तीच ख्रिस्ताला प्रिय नाही काय? आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक भेद सुटलेला आहे. त्या स्त्रीने ओतले ते तेल तिचे स्वतःचे होते. विधवेने दानपात्रात टाकलेली दोन टोलीही तिचीच होती. घरातील द्रव्यावर मात्र मुलांची भूक, पत्नीचे कष्ट आणि आश्रितांचा हक्क असतो. ते द्रव्य देणारा स्वतःचे देत नसतो, सर्वांच्या वतीने देत असतो. आणि म्हणूनच तो कारभारी असतो, त्याला जाब द्यावा लागतो. देण्याला लक्ष्मीबाईंचा विरोध कधीच नव्हता. त्यांच्या पंक्तीला किती पोरकी मुले बसली, हे ग्रंथच सांगतो. त्यांचा आग्रह एवढाच की, जे दिले ते कोणाच्या पानातून गेले, हे देणाऱ्याला ठाऊक असावे. हा कोतेपणा नव्हे. दानाची ही नैतिक पूर्वअट होय.

५

काळाविषयीचे विवेचन ग्रंथात उघडपणे कोठे नाही. ते त्याच्या घडणीत आहे. लक्ष्मीबाईंच्या बालपणीचा काळ व्रते, विटाळ, ग्रहणे, सणवार यांनी आखलेला होता. मिशनच्या आवारातील काळ घंटेचा, प्रार्थनेच्या वेळेचा, रविवारचा. आणि टिळकांचा काळ कवीचा : घर सोडून अवचित निघून जाणारा, परत येण्याची तिथी न सांगणारा. या तिन्ही काळांची मोट बांधण्याचे काम ज्या व्यक्तीकडे आले तिला स्वतःचा काळ असा फारच थोडा उरला. शालेय शिक्षण नाही, वाचायला शिकणेही विवाहानंतरचे. अशा स्त्रीने साठी ओलांडल्यावर आयुष्याकडे वळून पाहिले आणि प्रत्येक वर्षाने आपल्याला काय दिले, आपण त्याचे काय केले, हे लिहून ठेवले. आत्मचरित्राचा हा प्रकार आत्मगौरवाचा नव्हे. येथे लेखिका आपल्या आयुष्याच्या मालकिणीसारखी बोलत नाही. ते ज्याच्याकडून मिळाले त्याला दाखविण्यासाठी वही उघडावी तशी बोलते. स्वतःची फजिती ती लपवीत नाही, याचे कारण केवळ विनोदबुद्धी नव्हे. हिशेबात खोड केली तर हिशेबच उरत नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

याचा दुसरा पुरावा ‘ख्रिस्तायना’त मिळतो. टिळकांनी आरंभिलेले हे महाकाव्य ९ मे १९१९ रोजी त्यांचा अंत झाला तेव्हा अपुरे होते. पहिले थोडे अध्यायच त्यांच्या हातचे. उरलेले बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. काव्य म्हणून त्यांच्या अध्यायांना टिळकांच्या अध्यायांची प्रतिभा लाभली नाही, असे कोणी म्हटल्यास त्याचा प्रतिवाद करण्याची गरज नाही. दुसऱ्याने सोडून गेलेले काम आपल्या उरलेल्या वर्षांवरचे ऋण मानून पुरे करणे, हे प्रतिभेचे नव्हे तर निष्ठेचे कृत्य आहे. आणि पौलाने कारभाऱ्याकडून जी एकच अपेक्षा सांगितली ती विश्वासूपणाचीच आहे.

येथे टिळकांवर अन्याय होता कामा नये. आपला देह दहन करावा, ही त्यांची इच्छा, किंवा अभंग, ओवी व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत त्यांनी मिळवून दिलेले स्थान, या गोष्टी देखील सोपविलेल्या ठेवीच्या जाणिवेतूनच आल्या. त्यांच्या दृष्टीने ठेव म्हणजे भाषा होती, देश होता. एवढ्या मोठ्या ठेवीची चिंता वाहणाऱ्याच्या हातून घरच्या किल्ल्या गळून पडाव्यात, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण किल्ल्या गळल्या, आणि कोणीतरी त्या उचलल्या, हेही तितकेच खरे.

६

शेवटी या कल्पनेची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती राहुरीच्याच भूमीवरून सांगता येते. मिशनच्या नगर जिल्ह्यातील मंडळ्या बहुतांशी महार आणि मांग समाजांतून आल्या होत्या. ज्यांचा काळ गावकीच्या हाकेला बांधलेला, ज्यांचा देह वेठीचा, ज्यांचे द्रव्य म्हणजे बलुत्याची भाकर, त्यांना ‘हे सारे तुमचे नव्हे’ असे शिकविण्यात काय स्वारस्य? ते त्यांचे कधी नव्हतेच. महार वतनाची बेडी कायद्याने तुटली ती मुंबई राज्याच्या १९५८ च्या अधिनियमाने. तत्पूर्वी कारभारीपणाच्या उपदेशाला या लोकांच्या बाबतीत एकच न्याय्य अर्थ संभवत होता : तुमचा काळ व देह देवाचा आहे, म्हणजेच तो पाटलाचा किंवा सावकाराचा नाही. दशमांशाचा आग्रह या मुक्तीच्या आधी धरला, तर कारभारीपण हे जुन्या वेठीचेच नवे नाव ठरण्याचा धोका होता. ‘स्मृतिचित्रे’ हा प्रश्न विचारीत नाहीत. उच्चवर्णीय घरातून आलेल्या, काही सोडू शकणाऱ्या व्यक्तीचा हा हिशेब आहे. सोडण्यासारखे काहीच नसलेल्यांचा नाही. ही ग्रंथाची उणीव नव्हे, पण त्याची सीमा आहे.

त्याच काळात केडगावी पंडिता रमाबाईंनी दुष्काळातील मुलींचा सांभाळ आरंभिला. तेथे कारभारीपण संस्थेच्या रूपाने अवतरले. १८८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या साहाय्यक मंडळापुढे दहा वर्षे हिशेब ठेवला गेला, आणि पुढे केवळ श्रद्धेच्या भरवशावर काम चालले. रमाबाईंचा जमाखर्च लोकांपुढे होता. लक्ष्मीबाईंचा जमाखर्च एका घराचा, तो कोणी मागितला नव्हता. न मागता दिलेला जाब हाच अधिक कठीण, कारण तो चुकविण्याची मुभा सदैव असते.

तात्पर्य, ‘स्मृतिचित्रे’ ही संताच्या संसाराची गमतीदार कहाणी म्हणून वाचणे म्हणजे तिच्यातील अर्धे द्रव्य भूमीत पुरून ठेवणे होय. टिळकांनी दिले; लक्ष्मीबाईंनी जे दिले गेले आणि जे उरले, त्या दोहोंची नोंद ठेवली. पहिल्यावाचून घर कोरडे राहिले असते, दुसऱ्यावाचून ते उभेच राहिले नसते. मराठी वाचक आजवर पहिल्याच्या उदारपणापुढे नम्र झाला आहे. दुसऱ्या नोंदीपुढेही त्याने तितक्याच आदराने थांबावे, एवढी त्या ग्रंथाची योग्यता निःसंशय आहे.